काळ्या पडद्यावरील स्वारी

श्रीमंत अखंड-सावधान, गृहकृत्य-धुरंधर, दूधबाटली-उकळणकर्त्या खाशा बाईसाहेब यांनी नवा संगणक आपले हाते जोडून उभा केला, त्या समयी रॅम आणि मदरबोर्ड या दोन दौलतींमध्ये जो बेबनाव माजला आणि तो ज्या रीतीने मिटला, त्याची साद्यंत हकिकत पुढील पिढ्यांस ठाऊक असावी, म्हणोन लिहिली ऐसीजे.

मोहिमेचे कारण ऐसे की, बाईसाहेब इमारतींचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत चाकरीस होत्या आणि बाळराजांच्या जन्मानिमित्त रजेवर होत्या, ती रजा सरली. मग साहेबांचा खलिता आला की सोमवारी सकाळी रुजू व्हावे. घरी दमदार संगणक असेल तर घरून काम करावे, नसेल तर कचेरीत जातीने हजर राहावे आणि बाळ पाळणाघरात ठेवावे. त्या पाळणाघराची टेहळणी बाईसाहेबांनी आधीच करून ठेविली होती. खिडकीस कडी नाही, कोपऱ्यातले एक मूल शिंकते आणि सांभाळणाऱ्या बाईंना जांभया येतात, ऐसी बातमी पक्की होती. घरचा जुना लॅपटॉप तर नकाशा उघडताच धापा टाकून निपचित पडे. म्हणोन सुटे भाग आणावे आणि संगणक घरीच जोडावा, ऐसी मसलत ठरली.

यजमान अर्ज करिते झाले, "अगं, तयारच आणू की."

"आत काय भरलंय ते दिसतं का त्यात?" ऐसा जबाब आला आणि अर्ज निकाली निघाला.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून छावणी पडली. मदरबोर्ड मध्यभागी पसरला, प्रोसेसर गादीवर बसला, पंखे आपापल्या नाक्यांवर रुजू जाहले. राहिल्या रॅमच्या दोन पट्ट्या, ज्यांवाचून संगणकास हातातले काम ध्यानात राहत नाही. त्या खाचेत उतरविल्या तो बसेनात. पट्टीची फट एकीकडे आणि खाचेतला उंचवटा दुसरीकडे. यजमानांनी पराक्रमाचा सल्ला दिला, "जरा जोर लाव ना." बाईसाहेबांनी केवळ नजर टाकली आणि यजमान स्वयंपाकघरापावेतो हटले. मग बाळराजांस छातीशी बांधून खासा स्वारी दुकानी गेली.

दुकानदाराने पट्टीचा मुलाहिजा केला आणि बोलला, "ताई, ही मागच्या पिढीची रॅम. तुमचा बोर्ड नव्या पिढीचा. ह्यांचं जमायचं नाही."

"मग देतानाच नाही का विचारायचं?"

"विचारलं की. तुम्ही म्हणालात, सोळा जीबीच्या दोन द्या आणि लवकर द्या, बाळ उठेल."

हे बाईसाहेबांस आठवले, परंतु कबूल केले नाही. पट्ट्या बदलून मिळाल्या आणि स्वारी छावणीत परतली.

नव्या पट्ट्या टक्कन आवाज करीत बसल्या. बटण दाबले. पंखे फिरले, दिवे उजळले, आणि पडदा मात्र काळाच राहिला. रॅमशेजारी एक पिवळा दिवा लुकलुकू लागला. बाईसाहेबांनी हवेत नाक उंचावले. "जळल्यासारखा वास येतोय का रे?" यजमान वदले की तो आमटीचा आहे. तरी बाईसाहेबांनी धावत जाऊन भिंतीवरचे बटण बंद केले. ज्या माउलीने बाळ शांत निजले तर नाकाखाली बोट धरून श्वास तपासावा, तिने धगधगते यंत्र उगाच कसे पाहत बसावे? मग पट्ट्या काढून खोडरबराने पुसल्या, पुन्हा लाविल्या, चालू केले, काळा पडदा, पिवळा दिवा, बंद केले. मग एकच पट्टी लाविली, मग दुसरीच, मग खाचांची अदलाबदल केली, आणि दर वेळी बाईसाहेब घटकाभरही दम न धरता बटणावर झडप घालीत. दुपार कलली. पाळणाघरातली ती बिनकडीची खिडकी त्यांच्या डोळ्यांपुढे उघडझाप करू लागली.

अखेरच्या चढाईस दोन्ही पट्ट्या लावून बटण दाबले आणि तत्क्षणी बाळराजांनी टाहो फोडिला. बाईसाहेब त्यांस मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या, थोपटू लागल्या आणि बाळराजे निजले. आता उठणे बंद, बोलणे बंद. पिवळा दिवा लुकलुकतच होता. बाईसाहेबांनी यजमानांस बोटाने भिंतीकडे खूण केली. यजमानांनी खिडकी लाविली. बाईसाहेबांनी बटण दाबण्याचा अभिनय केला. यजमानांनी पंखा मंद केला. बाईसाहेबांनी डोळे वटारले, तो यजमानांनी पाण्याचा पेला आणून ओठांशी धरिला.

इकडे मदरबोर्डावर निराळेच राजकारण चालले होते. या पिढीची रॅम नव्या बोर्डास प्रथम भेटते, तेव्हा उभयतां एकमेकांची चालरीत जोखतात, आणि त्या बोलण्यांस काही मिनिटे लागतात, तोवर पडदा काळाच असतो. दर वेळी बोलणी रंगात येत आणि बाईसाहेब वीज तोडीत. या खेपेस तोडावयास कोणी उठले नाही. पिवळा दिवा विझला. पडदा उजळला आणि दोन्ही पट्ट्यांची नावे, हुद्द्यांसकट, पडद्यावर रुजू जाहली. बाईसाहेबांच्या डोळ्यांस पाणी आले.

ऐन त्याच समयी यजमानांच्या मस्तकात प्रकाश पडला. "अच्छा, बटण," ऐसे कुजबुजून ते भिंतीकडे निघाले. बाईसाहेबांनी मान हलविली, हात हलविले; यजमानांनी त्यातून घाई करण्याचा हुकूम वाचिला आणि पावले झपझप टाकिली. उजळलेला पडदा गेला तर फिरून उजळेल याचा भरवसा काय? मांडीवर बाळ, समोर फत्ते. बाईसाहेबांनी काळजावर दगड ठेविला.

"हात लावू नकोस."

घर दणाणले. यजमानांचे बोट बटणापासून तसूभर अंतरावर थिजले आणि बाळराजे दचकून जागे होऊन ऐसे रडले की शेजाऱ्यांनी दार वाजविले. छावणीत दुसरे वाद्य नव्हते, म्हणोन तीच फत्तेची नौबत मानिली गेली.

सोमवारी सकाळी खाशा बाईसाहेब घरच्या घरी चाकरीस रुजू जाहल्या. बाळराजे शेजारच्या पाळण्यात होते आणि दर नकाशागणिक त्यांचा श्वास तपासिला जात होता. पाळणाघरास नकार रवाना जाहला. बटणाच्या भिंतीची जहागीर यजमानांकडून काढून घेण्यात आली. फत्ते बाईसाहेबांची, ऐसे मुक्रर केले असे.