किसनराव वकिलांची भांडणं

परतूरच्या स्टेशनवर मी पहिल्यांदा पाऊल ठेवलं आणि मला अटक झाली.

मी शाळेत मास्तर म्हणून बदलून आलो होतो. हातात ट्रंक, मागे बायको, तिच्या कडेवर झोपलेली मुलगी. एवढ्यात काळा कोट घातलेल्या एका उंच, काटकुळ्या माणसानं माझं मनगट धरलं आणि खड्या आवाजात म्हणाला, "चला चौकीवर!"

मी निमूट चालायला लागलो. बायको मुलीला सावरत मागोमाग आली. थोडं पुढं गेल्यावर तोच माणूस थांबला आणि माझ्यावरच खेकसला, "कुठं निघालात?"

"चौकीवर. तुम्हीच म्हणालात ना?"

"आन् मी कोण? शिपाई हाय? कशाबद्दल धरलं ते इचारलं? हुकूम बघितला? बिलकुल न्हाई! शिकलेले दिसता. तुम्हीच असे मुकाट निघालात, तर मंग खेड्यातल्या माणसानं काय करावं?"

एवढं बोलून त्यानं माझी ट्रंक उचलली आणि आम्हाला थेट घरापर्यंत आणून सोडलं. वाटेत कळलं, की हे किसनराव वकील आणि ते आमच्या समोरच राहतात. ही दुसरी बातमी ऐकून बायकोनं माझ्याकडे जे पाहिलं, ते मी अजून विसरलो नाही.

काळ निजामाचा होता. कोर्टाची भाषा उर्दू, हुकूम उर्दूत, कायद्याची पुस्तकं उर्दूत. गावात बोलतात मराठी. सरकारनं काय बंद केलं, कशाची मुभा दिली, हे लोकांना कळायचं ते शिपायाच्या तोंडून, आणि शिपाई सांगायचा ते त्याच्या सोयीचं. किसनरावांचं म्हणणं, कायदा लोकांना त्यांच्या बोलीत समजावून सांगायचा. त्यासाठी सभा घ्यायची, तर परवानगी हवी. त्यांनी मागितली, मिळाली नाही. पुन्हा मागितली, तेव्हा मागायचीही मनाई झाली.

मग त्यांनी तोड काढली. बाजारच्या दिवशी भर चौकात ते भांडायला लागले.

जोडीला गफूरभाई शिंपी. दोघांचं आधीच ठरलेलं असे. किसनराव शिपाई होऊन ओरडायचे, "ए, गाडी जुंप! साहेबाचं सामान न्यायचं हाय!" गफूरभाई शेतकरी होऊन म्हणायचे, "भाडं किती देता?" "भाडं? सरकारी कामाला भाडं मागतोस?" "वेठ तर सरकारनंच बंद केली, साहेब. तुमच्याकडं दुसरा हुकूम असंल तर दाखवा!" बघता बघता ही गर्दी. कायदा ऐकायला कोणी थांबलं नसतं. भांडण ऐकायला भाजीवाल्याही टोपल्या सोडून येत.

एकदा पोलिसांचे अमीनसाहेब स्वतः आले. "क्यों वकीलसाहब, जलसा चल रहा है?"

"न्हाई साहेब, आम्ही भांडून राह्यलो. सभेला परवानगी लागते. भांडणाला लागत न्हाई."

अमीनसाहेब बाजूला जाऊन उभे राहिले. भांडण संपेपर्यंत ते हलले नाहीत, हे मी पाहिलं.

घरीदारीही किसनरावांचं हेच. दिसेल त्याला अडवायचं आणि "कशाबद्दल?" असं तो विचारतो का ते बघायचं. रविवारी सकाळी आमच्याकडे येऊन बसत आणि आतल्या दाराकडे बघून म्हणत, "वहिनी, चहा टाका." बायको बरेच दिवस मुकाट चहा टाकत होती. एका रविवारी तिचं डोकं उठलं होतं. आतूनच म्हणाली, "कशाबद्दल? हुकूम दाखवा!" किसनराव उठून उभेच राहिले. "शाब्बास, वहिनी! बराबर!" करत, चहा न पिताच, गफूरभाईंना सांगायला धावत गेले.

फक्त सखूबाईपुढं त्यांनी हात टेकले होते.

सखूबाई म्हणजे दुधना नदीच्या काठाला मेंढ्या घेऊन राहणारी धनगराची विधवा बाई. कोणी साहेब दौऱ्यावर आला, की शिपाई तिच्या कळपातलं एखादं कोकरू उचलून न्यायचा. फुकट. फुकट काही घ्यायचं नाही असा सरकारचाच हुकूम होता आणि किसनरावांना तो तोंडपाठ होता. त्यांनी सखूबाईला बाजारात उभं केलं, समजावलं, मग शिपायासारखा आवाज काढून ओरडले, "कोकरू दे!"

तिनं दिलं. काखेतलं कोकरू उचलून सरळ त्यांच्या हातात ठेवलं.

"अगं बाई, मी शिपाई न्हाई!"

"मंग वरडता कशाला शिपायावानी?"

पुढच्या बाजारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या बाजारीही तेच. ओरडणारं कोकरू हातात घेऊन चौकात उभे राहिलेले किसनराव बघायला लोक लांबून यायला लागले.

आणि मग एका बाजारी सखूबाईच तरातरा चालत आली. चेहरा फुललेला. शिपाई खरंच आला होता.

"म्या म्हन्लं, हुकूम दाव. न्हाई तर दाम दे," ती सांगू लागली. "त्यो म्हनला, कुनी शिकवलं तुला? म्या म्हन्लं, बाजारात भांडनं व्हत्यात, तितं ऐकलं. मंग त्यानं काठी उगारली. म्या कोकरू पोटाशी धरलं आन् खाली बसले."

"बसलीस?" गफूरभाईंनी विचारलं.

"पाय लटलट कापून राह्यले व्हते, उभं ऱ्हाता येईना. त्याला वाटलं, बाई हट्टानं बसली. चार मानसं जमली, तसा गेला निघून. म्हनला, बघून घेतो."

सगळा चौक हसला. गफूरभाईंनी तिला गुळाचा खडा दिला. किसनराव तेवढे हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "बघून घेतो म्हणाला? असंच म्हणाला?"

त्यानंतरच्या बाजारी भांडण झालं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. किसनरावांच्या दाराला सकाळपासून कुलूप. अमीनसाहेबांनी बोलावून दम दिला म्हणे, सनद काढून घेण्याची भाषा झाली म्हणे. पक्षकार दुसऱ्या वकिलाकडे गेले. "वकील घाबरला," असं लोक बोलू लागले. मलाही तसंच वाटलं. बायको मात्र म्हणाली, "अहो, चौकशी तरी करा. दिवसभर जातात कुठं?"

शेवटी एका गाडीवानानं सांगितलं, की वकीलसाहेब नदीकाठी मेंढवाड्यावर असतात. सुट्टीच्या दिवशी मी चालत गेलो. उन्हं बरीच वर आली होती. मेंढवाड्याच्या तोंडाशी, बाभळीखाली, काळा कोट गळ्यापर्यंत बंद करून किसनराव बसले होते. शेजारी कायद्याचं जाडजूड पुस्तक. समोर फक्त मेंढ्या.

"इथं काय करताय?" मी विचारलं.

"बसून राह्यलो."

"शिपाई परत आला तर?"

"तेच तर." त्यांनी नदीपलीकडच्या वाटेकडं पाहिलं. "मास्तर, तुम्हाला म्हणून सांगतो. मला शिपायाची लई भीती वाटते. लहानपणापासून. अजून चौकी टाळून मागच्या गल्लीनं जातो. पुस्तक वाचलं, सनद मिळाली, पण ते काही गेलं न्हाई. तिला मी सांगितलं, इचार. तिनं इचारलं. आता ती हितं एकटी, आन् मी गावात कुलूप लावून झोपू?"

शिपाई आला असता तर हा माणूस काय करणार होता, ते मला कळेना. पण तो रोज येत होता.

सखूबाई मेंढ्या पाण्यावर न्यायला निघाली होती. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, "मानूस भितरा हाय, मास्तर. साधं पाखरू उडालं तरी उठून उभा ऱ्हातो. म्या म्हन्लं, आता शिपाई येत न्हाई, जावा घरी. तर म्हनला, घरी कोन हाय?"

मी समोर राहत होतो. त्यांची बायको पहिल्या बाळंतपणात गेली आणि मूलही राहिलं नाही, हे मला त्या दिवशी एका मेंढरं वळणाऱ्या बाईकडून कळलं.

"वकीलसायब, ह्ये धरा," म्हणत तिनं आदल्या दिवशी जन्मलेलं एक कोकरू त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि कळप घेऊन उताराला लागली. किसनरावांनी कोटाची बटणं सोडली आणि ते आत घेतलं. ते जरा धडपडलं, मग झोपलं.

मी निघालो. बाभळीची सावली सरकून आता त्यांच्या अंगावर ऊन आलं होतं. कपाळावरून घाम उतरत होता.

"अहो, जरा इकडं सावलीत सरका," मी म्हणालो.

त्यांनी कोटातल्या कोकराकडं बघून डोळ्यांनीच मला गप्प केलं आणि ते तसेच उन्हात बसून राहिले.