सुटं हाय तवर आपलं

बाबालालभाई मुलाण्याची स्वतःची मोटार होती, पण ती बघायची तर त्याच्या घरभर हिंडावं लागे. मागची सीट सोप्यात भिंतीला टेकलेली. पुढचा आस आढ्याला टांगलेला आणि त्यावर बाबालालभाईची लुंगी वाळत घातलेली. कोनाड्यात चार पिस्टन ओळीनं मांडलेले. पिठाचा डबा उघडला तर आत ग्रीस माखलेली गिअरची चाकं निघत. मग पीठ कुठं ठेवता, असं विचारलं तर म्हणायचा, "ब्याटरीच्या पेटीत. तितं उंदीर जात न्हाईत."

मी शाळामास्तर, शिस्तीचा माणूस. माझ्या घरात छत्रीसुद्धा ठरल्या खिळ्यालाच टांगली जाते. कराडात त्या गल्लीत बिऱ्हाड केलं आणि समोरच हे भंगार दिसलं, तेव्हा मला घाम फुटला. पण भंगार म्हणायची सोय नव्हती. कुणी तो शब्द काढला की बाबालालभाई पान्हा हातात घेऊनच बाहेर यायचा. "भंगार आसंल तुमच्या डोस्क्यात! सामान हाय ह्ये."

ही मोटार पाचगणीचा एक साहेब विलायतेला परत जाताना विकून गेला होता. तेव्हाच ती म्हातारी होती. बाबालालभाईनं तिच्यावर कराड स्टेशन ते गाव अशी बरीच वर्षं भाडी मारली, तालुक्यातले निम्मे नवरदेव तिच्यातून मिरवले. मग लढाई सुरू झाली आणि सरकार पलटणीसाठी गाड्या उचलून नेतंय अशी आवई उठली. बाबालालभाईनं दोन दिवसांत गाडीचा नट न् नट सुटा करून घरात आणला. बायको आधीच वारलेली, मूलबाळ नाही, तेव्हा घरात जागाच जागा होती. कुणी विचारलं की सांगायचा, "सुटं हाय तवर आपलं. जोडलं की सरकारचं."

हे वाक्य तो कशालाही लावायचा. गल्लीत वाटणीवरून भांडण निघालं तरी तेच, आणि कुणाचं लग्न ठरलं तरी तेच.

एके दिवशी खरोखरच फौजदार आला. बरोबर एक शिपाई. ते दिवस बेचाळीसनंतरचे. आमच्या जिल्ह्यात रोज कुठंतरी तारा तुटत होत्या आणि पोलिसांना फराळाच्या डब्यातही बॉम्ब दिसत होता. फौजदार सोप्यात बसला आणि गरजला, "गाडी कुठाय?"

"कंची गाडी?"

"साहेबाची घेतलीस ती."

"ती व्हय? हाय की. तुमी तिच्यावरच बसलायसा."

फौजदार ताडकन उठला आणि विजारीचा मागचा भाग झाडू लागला. तेवढ्यात शिपायानं कोनाड्यातला पिस्टन दोन बोटांत उचलला आणि कापऱ्या आवाजात म्हणाला, "सायेब, ह्ये काय आसंल?" फौजदार भिंतीला चिकटला. बाबालालभाईनं शांतपणे तो पिस्टन घेतला, लुंगीला पुसला आणि परत ओळीत ठेवला. "फुटत न्हाई ह्ये. भ्या नगा."

फौजदाराचा अपमान व्हायचा तो झालाच होता. जाताना म्हणाला, "सोमवारी साताऱ्याहून मिस्त्री आणतो आणि इथंच जोडून घेऊन जातो. बघू काय करतोस!"

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या दारात बाबालालभाई उभा. बगलेत फडक्यात गुंडाळलेला मोटारीचा हॉर्न. पितळी, वळसेदार, मागं रबरी फुगा असलेला. "मास्तर, जरा ठिवून घ्या. चार दीस."

मी नाही म्हणणार होतो. पण माझी बायको इंदू सांगलीची, आणि सांगलीची माणसं दारात आलेल्याला नाही म्हणत नाहीत, निदान माझ्या बायकोचं तरी तसं म्हणणं आहे. तिनं माझ्या छत्रीचा खिळा रिकामा करून त्याला हॉर्न टांगला. त्या दुपारी अख्ख्या गल्लीत तेच झालं. मागची सीट चहाच्या दुकानात गेली. एक दिवा वाण्याकडे गेला, त्यात तो डाळ ठेवू लागला. पुढचा डावा मडगार्ड शेजारच्या येसू शिंदीणीकडे गेला. तिचा नवरा बळवंत पलटणीत होता, घरात ती आणि सासू दोघीच.

सोमवारी साताऱ्याचा मिस्त्री आला, उरलेलं सामान बघून म्हणाला, "साहेब, यात सायकलसुद्धा होणार नाही." फौजदार गेला तो परत फिरकला नाही.

चार दिवसांचे महिने झाले, महिन्यांची वर्षं झाली. आणि बाबालालभाईची रोजची फेरी सुरू झाली.

हा माणूस मुळातच एका जागी ठरायचा नाही. बोलताना हात चालू, हात थांबले तर पाय चालू. लग्नाच्या पंगतीतून उठून मांडवाच्या दोऱ्या आवळायचा. माझ्या शाळेत एकदा आला तो घंटेचा ढिला बोल्ट पिळूनच गेला. मला पडसं झालं की नाडी बघितल्यासारखं मनगट धरून म्हणायचा, "इंजान तापलंय, मास्तर. दोन दीस पळवू नगा." आता तर त्याला कामच मिळालं. सकाळी उठला की दार ते दार. आमच्याकडे आला की माणसांकडे न बघता थेट खिळ्याकडे जायचा.

"कसा हाय?"

"बरा आहे," इंदू सांगायची.

"हवा धरतोय न्हवं?"

"धरतो की. काल माकडं आली होती, दोनदा वाजवला."

माकडं हे निमित्त. ती मला जेवायला बोलवायलासुद्धा तो हॉर्न वाजवायची. मी चौकात गप्पा मारत उभा असलो आणि तो रेडकासारखा आवाज आला की सगळे म्हणत, "जावा मास्तर, ताट वाढलं." मला लाज वाटे. पण भूक लागलेली असे.

बाबालालभाई हॉर्न पुसायचा, फुग्याला बोटानं खोबरेल लावायचा, उभ्या उभ्या अर्धा कप चहा घशात ओतायचा आणि निघायचा. "बसा की जरा," म्हटलं की, "बसून कसं चालंल? दिवा बघायचाय, सीट बघायचीया." जाता जाता मात्र मान न वळवता म्हणायचा, "वैनी, खोकला गेला न्हाई आजून. काढा घ्या." वाण्याचं मधुमेहाचं दुखणं, चहावाल्याचं सासऱ्याशी वाजलेलं, येसूच्या सासूचा गुडघा, सगळं त्याला ठाऊक असे. विचारायचा मात्र फक्त सामानाचं.

मध्ये बळवंत रजेवर येऊन गेला आणि पुढं येसूला मुलगा झाला. पाळणा आणायला घरात कोण होतं? तिच्या सासूनं तो मडगार्ड उलटा करून दोन्ही टोकांना कासरा बांधला, आत गोधडी घातली आणि तुळईला टांगला. बाबालालभाई फेरीला गेला तर मडगार्डात पोर. आम्हाला वाटलं आता पान्हा निघतो. पण तो वाकला, दोरीची गाठ ओढून बघितली आणि म्हणाला, "गाठ ढिली हाय गं पोरी." आणि स्वतः पक्की बांधून दिली.

लढाई संपली. गाड्या नेण्याची भीती संपली. सगळे म्हणू लागले, "बाबालालभाई, आता जोडा की गाडी." आणि तेव्हापासून त्याचं चित्त काही थाऱ्यावर दिसेना. आज एक वायसर नाही, उद्या एक स्प्रिंग नाही. "घाई काय हाय? सुटं हाय तवर आपलं."

"पण आता कोण नेतंय?" मी वैतागून म्हणायचो. मला माझा खिळा परत हवा होता.

अशात सांगावा आला, बळवंत पलटणीतून सुटून येतोय. पोरगं वर्षाचं होऊन गेलं होतं, बापानं अजून तोंड बघितलं नव्हतं. गल्लीनं ठरवलं की त्याला स्टेशनवरून गाडीतूनच आणायचं. बाबालालभाईला नाही म्हणता येईना. घराघरातून सामान परत निघालं. चहाच्या दुकानातली सीट गेली, वाण्यानं डाळ ओतून दिवा दिला, इंदूनं हॉर्न चिंचेनं घासून दिला. पेट्रोल रेशनवर होतं. चहावाल्यानं ते कुठून पैदा केलं हे मी मास्तर असल्यामुळं विचारलं नाही. आठवडाभर गल्लीला दुसरा उद्योग नव्हता. गाडी उभी राहिली.

बळवंतची आगगाडी यायच्या आदल्या दिवशी सकाळी बाबालालभाईनं जाहीर केलं, "स्टेरिंगची पिन सापडंना."

सगळी गल्ली त्याच्या घरात घुसली. बायका पीठ चाळू लागल्या, वाणी खाटेखाली सरपटला, इंदूनं ब्याटरीची पेटी पालथी केली. कुणी हसत होतं, कुणी ओरडत होतं, चुलीवर कुणीतरी परस्पर चहा टाकला. मी म्हटलं, "तार घाला की तिच्या जागी."

"तार? माणसं बसायचीत, मास्तर!"

आणि मला एकाएकी जाणवलं की हा माणूस स्वतः काहीच शोधत नाहीये. दाराच्या चौकटीला टेकून, हाताची घडी घालून तो आपलं भरलेलं घर बघत उभा होता. एवढ्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच स्वस्थ उभा बघत होतो.

दुपार झाली. येसू पोराला कडेवर घेऊन आली. "चाचा, ऱ्हाऊ द्या. लय तरास घेतलासा. चालत येत्यात ती. लढाईतनं आली, स्टेशनावरनं न्हाई का येणार?"

बाबालालभाईनं तिच्याकडे बघितलं, पोराकडे बघितलं. मग कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. "सापडली की!" तो मोठ्यानं म्हणाला. "हितंच हुती. बघा, म्हातारपण."

वाणी खाटेखालून बाहेर आला आणि गुडघे झाडू लागला.

राहिला मडगार्ड. येसू तो सोडवायला निघाली तर बाबालालभाई खेकसला, "हात लावू नगंस. गाडी काय तीन मडगार्डावर पळत न्हाई व्हय?"

पळाली. दुसऱ्या दिवशी स्टेशनवरून धूर सोडत, डाव्या बाजूनं सगळा चिखल चहावाल्याच्या अंगावर फेकत पळाली. बळवंत पुढच्या सीटवर पोराला मांडीवर घेऊन, येसू आणि तिची सासू मागं. बाबालालभाई वळणावळणावर हॉर्न वाजवत होता. माझ्यासह सगळी गल्ली गाडीमागं धावली.

त्यानंतर गल्ली सुनी झाली. माझा खिळा मला मिळाला, छत्री जागेवर आली. पण सकाळी कुणी यायचं नाही. यायचं कशाला? सगळं सामान आता त्याच्याच दारात एकजागी उभं होतं. कधी तो कोपऱ्यापर्यंत येऊन घुटमळताना दिसे आणि तिथूनच परत फिरे. इंदू सकाळी सवयीनं अर्धा कप चहा जास्त टाकी आणि मग तो मी पीत असे. मला तो गोड लागत नव्हता, हे खरं सांगतो.

मग एका सकाळी बाबालालभाई दारात उभा. बगलेत फडक्यात गुंडाळलेला हॉर्न.

"मास्तर, जरा ठिवून घ्या."

"आता कशाला?" मी मास्तर, तेव्हा मूर्खासारखा प्रश्न विचारणं भागच होतं. "लढाई संपली की."

त्यानं हॉर्नकडे बघितलं. फुगा एकदा दाबून पाहिला. चांगला खणखणीत वाजला. तरी म्हणाला, "गाडीवर हवा धरंना झालाय. माणसांत ऱ्हायाची सवय लागलीया त्येला."

इंदूनं पुढं होऊन त्याच्या हातातून हॉर्न घेतला, माझी छत्री काढून माझ्या हातात दिली आणि हॉर्न खिळ्याला टांगला. मग आत वळता वळता म्हणाली, "भाई, बसा. चहा टाकते."

बाबालालभाईनं एकदा दाराकडे बघितलं, एकदा खिळ्याकडे बघितलं. आणि बसला.