हॉलमधली ड्रायव्हर सीट

मिस्त्रींच्या जुन्या पिकअपची ड्रायव्हर सीट इतकी खचली होती, की गाडी समोरून आली की आधी स्टिअरिंग दिसायचं, मग टोपी, आणि फारच निरखून पाहिलं तर मिस्त्री. उशी, पोतं, जुनी चादर, सगळं त्या खड्ड्याने गिळलं होतं. परवा एका बंगल्यासमोर उतरताना सीटमधून वर आलेली स्प्रिंग त्यांना अशी बिलगली, की मिस्त्री उतरले आणि पँटचा बराचसा भाग गाडीतच राहिला. त्या घरातल्या खिडक्यांची मापं त्यांनी भिंतीला पाठ लावून घेतली.

"आज ही सीट दुरुस्त केल्याशिवाय मी अन्नाला शिवणार नाही!" त्यांनी सुटीच्या सकाळी जाहीर केलं.

"नाश्ता झालाय तुमचा," बायको म्हणाली. "म्हणजे दुपारपर्यंत तरी काळजी नाही. अहो, त्यापेक्षा गादीवाल्याकडे टाका ना."

"जिने केले, दारं केली, आणि एक सीट माझं ऐकणार नाही?"

तीन बोल्ट शहाण्यासारखे निघाले. चौथा गंजून बसला होता. त्याच्यासाठी मिस्त्री असे आडवे शिरले, की रस्त्यावरून फक्त त्यांचे पाय दिसत होते. येणारे-जाणारे त्या पायांचीच विचारपूस करून गेले. पण बोल्ट निघाला. कारखान्यात एका बाईंचं कपाट उभं होतं, पॉलिश अजून ओलं, त्यावर धूळ उडून चालणार नव्हती. बाई तीनदा 'उद्या नक्की' ऐकून बसल्या होत्या आणि आज संध्याकाळी कपाट पोचायलाच हवं होतं. म्हणून सीट आली थेट घरात, हॉलच्या मधोमध.

घरात पाठीच्या तपासणीसाठी आलेले सासरे होते. मिस्त्रींनी स्वतः केलेल्या सगळ्या खुर्च्यांवर ते आळीपाळीने बसून झाले होते. "खुर्ची मजबूत आहे, जावईबापू," ते म्हणाले होते. "माणूस मोडेल, खुर्ची नाही."

मिस्त्रींनी नवा फोम कापला, तो जरा सढळ हातानेच. आता कव्हर काही केल्या चढेना.

"तू बस यावर. मी ओढतो."

बायको बसली. कव्हर तरीही वीतभर कमी. मग मिस्त्रीही बसले आणि दोघं दोन्ही बाजूंनी वाकून दात-ओठ खात कव्हर ओढू लागले. तेवढ्यात सासरे दारात आले.

"चालू दे तुमचं," म्हणत ते आल्या पावली परत फिरले.

एकदाचं कव्हर चढलं. मिस्त्री हातपाय धुऊन आले, तर सीटवर सासरे. डोळे मिटलेले.

"बाबा?"

"श्श. पाठ दुखायची थांबलीय." मग एक डोळा उघडून ते म्हणाले, "जावईबापू, कसब आहे हो तुमच्या हातात."

लग्नानंतर पहिल्यांदाच असं काही कानावर पडत होतं. मिस्त्रींना गहिवरून आलं. त्यांचा गहिवर ओसरेपर्यंत सासरे घोरायला लागले होते.

"उठवू का?" मिस्त्री कुजबुजले.

"खबरदार! किती दिवसांनी डोळा लागलाय त्यांचा."

"अगं, पण कपाट पोचवायचंय!"

"कपाटाची पाठ दुखत नाहीये."

मिस्त्री मुकाट्याने कारखान्यात गेले. पण हार मानणाऱ्यातले ते नव्हेत. उरलेल्या सागवानातून त्यांनी एक दणकट बैठक ठोकली, जुन्याच भोकांत बोल्ट आवळले आणि कपाट घेऊन निघाले. प्रत्येक गतिरोधकावर त्यांचं डोकं छताला टेकून येत होतं. कपाट बघून बाई खूश झाल्या. "बसा ना, चहा टाकते."

"नको, नको! उभाच बरा आहे मी."

त्यानंतर सासऱ्यांनी सीट सोडली नाही. चहा तिथे, जेवण तिथे, आल्यागेल्याशी गप्पा तिथे. मिस्त्री रोज सागवानावर आदळत कामाला जात होते आणि रात्री पालथे झोपत होते. अखेर एका सकाळी सासरे म्हणाले, "उद्या निघावं म्हणतो."

"राहा ना अजून," मिस्त्री म्हणाले खरे, पण मनातल्या मनात त्यांनी सीटचे बोल्ट आवळायलाही घेतले होते.

"नको, पाठ अगदी ठणठणीत आहे आता. तुम्हीच सोडा मला गाडीने. फक्त सीट मागे नीट बांधा हं, खरचटायला नको."

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. बायकोने दोरी आणून दिली.

अशा रीतीने, पिकअपच्या हौद्यात ड्रायव्हरची सीट चादरीत गुंडाळलेली, पुढे ड्रायव्हरशेजारच्या सीटवर सासरे डुलक्या घेतायत आणि लाकडी बैठकीवर मिस्त्री, अशी वरात सासुरवाडीला पोचली. सीट ओसरीवर ठेवली. सासूबाई पदराला हात पुसत आल्या, "हे काय नवीन?" म्हणत टेकल्या आणि टेकल्याच.

"अगंबाई! गुडघ्यांना काय बरं वाटतंय!" त्यांनी तिथूनच भाजी आणि विळी मागवली.

सासऱ्यांनी सीटभोवती दोन फेऱ्या मारल्या. खाकरून पाहिलं. सासूबाई निवांत भाजी निवडत होत्या. मग सासऱ्यांनी जावयाला कोपराला धरून हळूच गाडीपाशी नेलं, आपण आत्ताच जिच्यावरून उतरलो त्या शेजारच्या सीटवर तळहात दाबून पाहिला आणि आवाज खाली आणून विचारलं,

"जावईबापू, पाना आणलाय ना बरोबर?"