आप्पांची सुई आणि माझी मांजर

निंबाआप्पांनी पहिल्याच भेटीत माझं स्वेटर जाळलं. म्हणजे सगळं नाही. बाहीतून बोटभर धागा ओढून काढला, काडी पेटवली आणि धागा ज्योतीत धरला. त्याची काळी टणक गोळी झाली. आप्पांनी ती हुंगली. "केसना वास येत नही. हाई लोकर नही, पिलास्टिक शे. तुम्हले फसाडं, सर." नव्या शेजाऱ्याला लोक चहा विचारतात. आप्पांनी माझ्या स्वेटरचा निकाल लावला आणि आत निघून गेले.

शहाद्यात माझी खोली आणि आप्पांचं घर यांना ओटा एकच. आप्पा एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी धडगावच्या घाटात गेली. बिगरटिकिट माणूस चेहऱ्यावरून ओळखायची सवय निवृत्त झाल्यावरही सुटली नाही. दूधवाल्याच्या मापावर संशय, वाण्याच्या काट्यावर संशय, घरातल्या भिंतीवरच्या घड्याळावरसुद्धा संशय. विणायला बसले की टाके म्हणजे त्यांचे प्रवासी. ओळ संपली की एकेक टाका अंगठ्याने दाबून मोजायचे. "चोपन शिटं व्हतात, त्रेपन शेतस. एक कुठं उतरना?"

दोन वर्षं ते एकच मफलर विणत होते. दोन सुलट, दोन उलट, बस्स. जाळीची वीण त्यांना मुळीच मान्य नव्हती. "मुद्दाम भोकं पाडानी? हाऊ तं भ्रष्टाचार शे!"

विणण्यातला खरा हात यमुनाकाकूंचा, त्यांच्या बायकोचा. वेणीची वीण, पानाची वीण, सगळं गप्पा मारता मारता, सुईकडे न बघता. सुरतेला असलेल्या मुलासाठी, दिनूसाठी, त्यांनी मोरपिशी स्वेटर विणायला घेतलं होतं. लोकर खास, आप्पांनी जाळून पास केलेली.

एक दिवस काकू ओट्यावर ओरडल्या. स्वेटरचा टाका सुटून पार खालपर्यंत शिडीसारखी उसवण गेली होती. "चाळीस वरीस विनी ऱ्हायनू मी, कधी एक टाका पडना का?"

आप्पा तडक माझ्या दारात. "सर, तुम्हनी मांजर आवरा."

"आप्पा, माझ्याकडे मांजर नाही."

"समदा असंच म्हनतस."

मी जन्मात मांजर पाळलेली नाही. पण आठवड्यातून दोनदा टाके सुटायला लागले आणि दर वेळी आप्पा मोठ्या आवाजात माझ्या मांजरीचा उद्धार करायला लागले. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि मी तर एकटा राहणारा, खराच संन्यासी. गल्लीत माझं नाव 'मांजरवाले सर' पडलं. मला फार राग आला.

रागावलेल्या माणसाची नजर तीक्ष्ण होते. आप्पांच्या खिशाला पेनाच्या जागी क्रोशाची सुई असायची, टोकाला आकडा असलेली. मफलरीला ती कशाला लागते? माझ्या मनात पाल चुकचुकली. टाके हाच पाडत असणार! बायकोच्या कसबावर जळतो मेला.

एका दुपारी काकू भजनाला गेल्या. चोराला मुद्देमालासकट धरायचं ठरवून मी न खोकता आप्पांच्या दारात गेलो. मोरपिशी स्वेटर त्यांच्या मांडीवर होतं. सुटलेला टाका आकड्यात अडकवून ते एकेक ओळ वर चढवत होते. पाडत नव्हते, उचलत होते. मग चुकलेली वेणी त्यांनी उसवली आणि हुबेहूब काकूंसारखी विणली. दोन सुलट दोन उलटच्या पुढे न गेलेला माणूस!

मला पाहून ते दचकले.

"तिन्हा हात आते थरथरतस, सर," ते हळू म्हणाले. "टाके तिन्हाच हातमाईन पडतस. मन्हा नजरमा येतस ते मी गुपचूप उचली लेस. एखादा ऱ्हाई जास, तो तिले दिसस. ती म्हनस, हात गया तं मी गई. म्हनीसन मांजर."

"पण माझीच का?"

आप्पांनी सुई पुन्हा खिशाला लावली. "दुसरा कोनावर भरोसा नही."

धागा जाळल्याशिवाय दुकानदाराला नमस्कार न करणारा माणूस हे बोलला. मी आल्या पावली परत फिरलो.

दोन दिवसांनी काकूंनी पुन्हा सुटलेला टाका दाखवला. त्यांची बोटं खरंच थरथरत होती. इतके दिवस मला दिसली कशी नाहीत?

"हो काकू," मी म्हणालो, "मांजर माझीच. चुकलं माझं."

काकूंचा चेहरा एकदम निवळला. "मारू नका हं तिले. भुकी व्हई बिचारी."

तेव्हापासून रोज संध्याकाळी काकू मांजरीसाठी वाटीभर दूध पाठवतात. आणून देतात आप्पा. मी त्याचा चहा करतो, अर्धा त्यांना देतो. तो पिऊन झाला की आप्पा मिशा पुसतात आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, "पिनी का सर, तुम्हनी मांजर?"

"प्यायली," मीही तेवढ्याच मोठ्याने सांगतो, "सगळं प्यायली."