न सरकणारा शनी

सासरे "वा" म्हणाले, तेव्हापासून थोरल्या सुनेचं कशात लक्ष लागेना.

तिला म्हणाले असते तर प्रश्नच नव्हता. ते म्हणाले धाकटीला. वरच्या मजल्यावरच्या धाकट्या सुनेने गच्चीत दुर्बीण लावून त्यांना शनीची कडी दाखवली, आणि थोरलीच्या हातचं बावीस वर्षं जेवून अवाक्षर न काढलेला हा माणूस जिना उतरता उतरता "वा" म्हणाला.

या गोष्टीला तीन वर्षं झाली होती. थोरलीला ती कालची वाटत होती. यंदा तिने स्वतःची दुर्बीण आणली, धाकटीच्या दुर्बिणीपेक्षा वीतभर लांब.

"ताई, यंदा नका बघू," धाकटी म्हणाली. "यंदा कडी आपल्याकडे धार करून उभी आहेत. नुसती रेघ दिसते. चार-पाच वर्षांनी पुन्हा चांगली रुंद दिसतील, तेव्हा बघण्यात मजा."

"माझी दुर्बीण आली आणि कडी आडवी झाली?"

"मी का केली आडवी?"

"तुझं काही सांगता येत नाही."

"बरं, बघायचाच तर घाई करू नका. अंधार पडू द्या, त्याला वर चढू द्या."

थोरलीला यात काळजी ऐकू आली नाही, मत्सर ऐकू आला. तो आवाज तिच्या ओळखीचा होता.

दिवेलागणीलाच तिने अंगणात तिपाई मांडली. टेकडीच्या अंगाला एक टपोरा ठिपका होता. त्यावर नळी धरून ती बाजूची चाकी फिरवत राहिली. ठिपका फुगत फुगत गेला आणि त्याचं लखलखीत कडं झालं, मधोमध काळं भोक असलेलं.

"अहो, या इकडे. दिसतंय कडं?"

"दिसतंय," नवरा म्हणाला. "ग्रह कुठाय पण?"

"मधे. काळा आहे. शनी काळाच असतो."

नवऱ्याने मान डोलावली. मग सासऱ्यांसाठी खुर्ची आली. त्यांनी नळीशी तोंड नेलं, जरा वेळ थांबले आणि म्हणाले, "वा. वा वा."

दुसऱ्या दिवसापासून शेजारपाजार लोटला. थोरली सगळ्यांना सांगे, "धाकटीचा शनी सारखा नळीतून निसटतो, मिनिटामिनिटाला नळी हलवावी लागते तिला. आमचा बघा, बसलाय जागच्या जागी. घराचं वळण लागतं शेवटी."

वर गच्चीत धाकटी आपल्या रेघेकडे बघत बसे. खालचं हसणं तिला ऐकू येई, पण खाली येऊन बघायचं तिने नाव काढलं नाही. एका सकाळी ती आपल्या नवऱ्याला म्हणाली, "ती दुर्बीण देऊन टाका कुणाला तरी. अडगळ झालीय." थोरलीने ते ऐकलं. तिला आनंद झाला. भांडी घासून होईपर्यंत तो टिकला.

त्या संध्याकाळी तिने दुर्बीण पुसायला घेतली. फडक्याखाली चाकी फिरली. डोळा लावून बघते तर कडं आकसलं होतं. त्याचा दिवा झाला होता. दिव्याला खांब होता, आणि खांबाशेजारी टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीचा चौकीदार आपलं बनियन वाळत घालत होता.

ती पायरीवर बसली. मागून सासरे खुर्ची ओढत आले.

"लागला का शनी?"

"बाबा, खरं सांगा. त्या दिवशी तुम्हाला काय दिसलं?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"एक डोळा मिटा म्हणता तुम्ही. माझे दोन्ही मिटतात."

"आणि धाकटीकडे?"

"तिथेही तेच. पण तुम्ही पोरी एवढी खटपट करता. काही न बोलणं बरं दिसत नाही."

"मग माझ्या जेवणाला इतक्या वर्षांत एकदासुद्धा..."

"जेवण चांगलं असतं की तुझं," सासरे गोंधळून म्हणाले. "त्याला वा कशाला म्हणायचं?"

थोरली पायरीवरून उठली. तिने जिन्याच्या तोंडाशी हाक मारली, "छोटे, दुर्बीण कुणाला देऊबिऊ नकोस. आणि खाली ये, तुला टाकीवरचा चौकीदार दाखवते."

धाकटी आली. बराच वेळ नळीला डोळा लावून राहिली. तिचे खांदे हलत होते.

"हसायचं तर हस."

"नाही हो ताई," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "वळण मात्र आहे हं तुमच्या ग्रहाला."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे एकत्र जेवायला बसले. सासऱ्यांनी पहिला घास घेतला, सावकाश चावला आणि म्हणाले, "वा."

थोरलीचा वाढता हात थांबला. दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं. मग धाकटीने मिठाचा डबा पुढे सरकवला.