मडमेच्या हातचा चहा

लंडनला जायचं, केन्सिंग्टनात शिरायचं, मडमेच्या घरी बसून चहा प्यायचा आणि परत यायचं. यात अवघड ते काय? कारभारी पाटलांनी मंठ्याच्या बाजारात चारचौघांसमोर छाती ठोकून हे सांगितलं, तेव्हा त्यांनी अजून हैद्राबादसुद्धा पाहिलं नव्हतं!

याला कारण काकासाहेब. ते पाटलांचे थोरले भाऊबंद. मागच्या हिवाळ्यात मुलाला भेटायला विलायतेला जाऊन आले आणि तेव्हापासून पारावर दुसऱ्या कुणाला तोंड उघडायची सोय राहिली नाही. ती केन्सिंग्टन नावाची शांत, श्रीमंत वस्ती, ती पांढरीशुभ्र घरं आणि तिथल्या मडमेनं स्वतःच्या हातानं दिलेला चहा! गाव ऐकायचं आणि कारभारी जळायचे. एकदा जेवायला वाढताना तुळजाबाई, म्हणजे पाटलांची सख्खी बायको, म्हणाली की नशीब असावं तर काकासाहेबांसारखं. त्या दिवशी पाटील अर्ध्या भाकरीवरून उठले. तुळजाबाईचा भाऊ धर्मराज लंडनात बॅरिस्टरी शिकत होताच. त्याला भेटायचं निमित्त करून पाटील पुढच्याच हिवाळ्यात बोटीत बसले.

धर्मराजनं त्यांना केन्सिंग्टनच्या तोंडाशी सोडलं आणि तो कॉलेजात गेला. पाटलांच्या अंगात नवा कोट, डोक्याला पागोटं आणि थंडी सोसेना म्हणून वरून घोंगडी. ते गल्ल्या हिंडू लागले. काकासाहेब थापा मारत असतील, ही एक आशा मनात होती. पण मेलं सगळं खरं निघत होतं! घरं पांढरीच होती. दारं काळी, त्यांना पितळी कड्या. धुतलेल्या म्हशीसारख्या चकचकीत मोटारी दारोदार उभ्या. कुत्रं भुंकत नव्हतं, पोर रडत नव्हतं.

आता राहिला चहा. गावाकडं पाहुणा कडी वाजवत नाही. अंगणात येऊन खाकरतो, ओट्यावर टेकतो, आणि घरातून पाण्याचा तांब्या येतो. पाटलांनी त्यातल्या त्यात ऐसपैस घर निवडलं, पायरीशी उभे राहून दमदार खाकरले आणि बसले. समोरच्या चार घरांचे पडदे हलले. आपण आल्याची वर्दी पोचली म्हणून पाटलांना बरं वाटलं.

तांब्या काही आला नाही. घंटा झाला. वरून पिंजलेल्या कापसासारखं बर्फ पडू लागलं. पाय बधिर झाले, मग बूडही. पण काकासाहेब चहा पिऊन आले आणि आपण नुसतं ओट्यावरून उठून जायचं? जीव गेला तरी बेहत्तर!

अखेर दार उघडलं. एका म्हाताऱ्या मडमेनं त्यांना खालीवर पाहिलं, काहीतरी हळू बोलली आणि आत वळली. पाटलांनी मिशीवरचं बर्फ झटकलं, परक्याच्या घरात जोडे घालून कसं जायचं म्हणून जोडे काढले आणि पाऊल उचललं. तेवढ्यात दार लागलं. ते पुन्हा उघडलं तेव्हा पाटील बर्फात अनवाणी उभे होते. ते पाहून बाईचे डोळेच भरून आले. तिनं कपबशी पायरीवर ठेवली, एक जुना गळपट्टा त्यांच्या गळ्यात घातला, पाठीवर हात फिरवला आणि दार लावून घेतलं. ती कीव होती हे कळायला इंग्रजी लागत नाही. पाटलांनी चहा प्याला. दुसरं करणार काय?

गावी आल्यावर मात्र त्यांनी पार गाजवला. मऊ गालिचे, झुंबरं, चांदीची किटली आणि मडमेचा आग्रह. लोकांचे जबडे उघडेच राहिले. काकासाहेब तेवढे गप्प होते. लोक पांगल्यावर ते जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "कारभारी, पायरी लई गार लागली आसंल न्हाई?"

पाटलांनी आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं.

"मंग तुमी बी..."

"दीड घंटा," काकासाहेब म्हणाले.

वर्षभराची आग एका क्षणात विझली. पाटलांना हा माणूस एकाएकी फार आवडू लागला. त्यांनी आपल्या हातानं काकासाहेबांना पान लावून दिलं आणि सहज, अगदी मायेनं विचारलं, "बशीत बिस्किटं किती देल्ती तुमाला?"

"दोन."

पाटलांना एकच मिळालं होतं.