चार हातांचं प्रकरण

मुलीच्या मोबाइलवर आलेला निरोप शालिग्राम आप्पांनी मुद्दाम वाचला नव्हता. मोबाइल त्यांच्या जेवणाच्या ताटाशेजारी पडला होता, तो थरथरला, उजळला आणि आप्पांची नजर गेली. नजर जाणं हाच आप्पांचा धंदा होता. पलसाण्याच्या एका कापड कारखान्यात ते एकवीस वर्षं ताके तपासत होते. उजेडाच्या टेबलावरून कापड सरकत जायचं आणि आप्पा त्यात तुटका धागा, तेलाचा डाग, रंगातली चूक शोधायचे. दिवसभर कापडाकडे संशयाने पाहणारा माणूस घरी येऊन एकदम विश्वासू होईल, अशी अपेक्षा त्यांच्या बायकोनेही, म्हणजे शोभाबाईंनीही, कधी ठेवली नव्हती.

निरोप गुजरातीत होता. अमळनेर सोडून सुरतेत आयुष्य काढलेल्या आप्पांना तो एका नजरेत कळला.

‘उद्या बरोबर चार वाजता ये. चार हातांचं पुन्हा नीट बसवू. एकाच बाकावर बसायचं आहे, लाजून चालणार नाही. आणि अजून आप्पांना कळू द्यायचं नाही.’

पाठवणाऱ्याचं नाव फक्त ‘के. डी.’ एवढंच होतं.

आप्पांच्या हातातला घास हातातच राहिला. धनश्री मोरीत हात धूत होती. ती आली, तिने मोबाइल उचलला, निरोप वाचला आणि चक्क हसली. दोष सापडला की आप्पा कापडावर खडूने फुली मारत. त्यांनी मनातल्या मनात मुलीच्या हसण्यावर फुली मारली.

तसा धनश्रीच्या शिक्षणाबद्दल त्यांना पहिल्यापासूनच संशय होता. पोरगी बी. ए. झाली, इथपर्यंत ठीक होतं. मग तिने सांगितलं, की आता एम. ए. करणार, तेही पियानोत. कळफलकाची वाद्यं, असा विषयच असतो म्हणे. आप्पांनी विचारलं होतं, “दोन वरीस नुसती पेटीच वाजवशील का?” “पेटी नाही आप्पा, पियानो.” “मग पेटी?” “पेटीसुद्धा थोडी आहे.” हे ‘थोडी आहे’ आप्पांना तेव्हाच खटकलं होतं. बरं, घरी तिच्याकडे एक छोटा कीबोर्ड होता, पण डिंडोलीतल्या दोन खोल्यांच्या घरात शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ती कानाला हेडफोन लावून वाजवायची. म्हणजे दोन वर्षं घरातल्यांनी काय ऐकलं? तर प्लास्टिकच्या पट्ट्यांची टकटक. ती खरंच वाजवते, की नुसती दाबते, हे तपासायची काही सोय नव्हती.

रात्रीपर्यंत न थांबता आप्पांनी शोभाबाईंना स्वयंपाकघरातच गाठलं.

“पोर उद्या चार वाजता कोठे जाई राहिनी, तुले ठाऊक शे का?”

शोभाबाईंच्या हातून पोळी तव्यावर वाकडी पडली. “प्रॅक्टिसले जात असेल. माले काय इचारतात?”

“तू तिच्या मागे जा. बघ कोन भेटतं.”

“मी? माझं उद्या भजन शे. बुधवारचं.”

“हे भजन एवढ्यात लईच वाढलं तुझं.”

“देवाचं नाव घ्यायलाबी तुमची परवानगी लागते का आता?” असं म्हणून शोभाबाईंनी पोळी एवढ्या जोरात उलटवली, की आप्पा बाहेर आले.

आता मागावर जाणं त्यांनाच भाग होतं. पण एकट्याने जायचं, तर त्या के. डी.शी हातघाईची वेळ आली तर काय? म्हणून त्यांनी मेहुण्याला बोलावलं. भटू हा शोभाबाईंचा धाकटा भाऊ, अंगाने दांडगा, गावाहून सुरतेत येऊन जेमतेम तीन महिने झालेले. त्याला निरोपाचा अर्थ सांगताच तो म्हणाला, “चार हात म्हणजे दोन तिचे, दोन त्याचे. हिशेब सरळ आहे, दाजी.”

“तेच म्हटलं मी.”

“आणि बाक एकच!”

“ते तू पुन्हा पुन्हा नको सांगू.”

बुधवारी आप्पांनी पोटदुखीचं कारण सांगून कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. अडीच वाजता शोभाबाई भजनाला गेल्या. तीन वाजता धनश्री निघाली. तिच्या रिक्षामागे यांची रिक्षा. उधना दरवाज्याच्या सिग्नलला भटूने तोंडाला रुमाल बांधला. आप्पांनीही बांधला. रिक्षावाल्याने आरशातून दोघांकडे पाहिलं आणि भाडं आधीच मागून घेतलं.

नानपुऱ्यात एका जुन्या पारशी घरासमोर धनश्री उतरली आणि फाटक लोटून आत गेली. दोघे पाच मिनिटांनी फाटकापाशी आले. पितळी पाटीवर लिहिलं होतं: के. डी. दारूवाला.

भटूचे डोळे विस्फारले. “दाजी! इथे दारूबंदी आहे ना? आणि हा गडी पाटी लावून बसला!”

“अरे, पारशांचं आडनाव असतं ते,” आप्पा म्हणाले. हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरीपण त्यांनी पाटी पुन्हा एकदा वाचली.

तेवढ्यात आतून पियानो सुरू झाला.

आप्पा जागच्या जागी थांबले. आपली मुलगी जे शिकते, ते त्यांनी आज पहिल्यांदाच ऐकलं. खाली जाड, संथ सूर चालत होते आणि त्यांच्यावर बारीक सूर भराभर उड्या मारत होते. आप्पांना ते आवडलं. आवडलं म्हणून राग आला. कारण वाजवणारे दोघं होते, हे स्पष्ट कळत होतं. मधेच खालचे सूर अडखळले, वरचे थांबले आणि दोघंही खळखळून हसले.

“हसले!” आप्पा कुजबुजले. “वाक, भटू.”

खिडकी उंच होती. भटू भिंतीला हात टेकून ओणवा झाला आणि आप्पा त्याच्या पाठीवर चढले. जाळीचा पडदा वाऱ्याने सरकला. काळा पियानो दिसला. बाक दिसला. बाकाच्या उजव्या टोकाला धनश्री होती. आणि तिच्या डाव्या बाजूला, पदर खोचून, जीभ दातांत धरून, दोन्ही हातांनी पट्ट्या दाबत...

“दिसला का दाजी?” खालून भटू.

आप्पांनी मान आणखी पुढे काढली.

“कोन आहे? सांगा ना! वळखीचा आहे का?”

“तुझी बहीण आहे,” आप्पा म्हणाले.

“काय?” म्हणून भटू ताठ उभा राहिला.

खिडकीखाली बोगनवेल होती. तिला फुलं भरपूर होती आणि काटे त्याहून जास्त. आप्पा तिच्यात तोंडघशी पडले आणि त्यांच्यावर भटू पडला. आरडाओरडा ऐकून सत्तरी ओलांडलेल्या, फुलाफुलांचा झगा घातलेल्या एक बाई काठी उगारून, तोंड दाखवा म्हणून ओरडत व्हरांड्यात आल्या. “कोन छे? चोर! मूआ, मोढुं तो बताव!” तोंडावर रुमाल असल्यामुळे बाईंचं म्हणणं खोडून काढणं दोघांनाही अवघड होतं.

त्या खोरशेदबाई दारूवाला. के. डी.

दहा मिनिटांनी आप्पा पियानोशेजारच्या वेताच्या खुर्चीत बसले होते. शोभाबाई त्यांच्या कपाळावरचे काटे काढत होत्या आणि आप्पांना ‘आई गं’ म्हणायचीही चोरी झाली होती. धनश्रीने सगळं सांगितलं. विद्यापीठात एकच चांगला पियानो आणि मुलं पंधरा. म्हणून तिच्या प्राध्यापकांनी खोरशेदबाईंशी ओळख करून दिली. आणि शेवटच्या वर्षाला एक परीक्षा अशी होती, की ज्याने आयुष्यात कोणतंही वाद्य हातात धरलेलं नाही, अशा एका प्रौढ माणसाला दहा महिने शिकवायचं आणि परीक्षकांसमोर त्याला शेजारी बसवून एकाच पियानोवर चार हातांनी वाजवायचं.

“मी चाळीत तिघींना विचारलं,” धनश्री म्हणाली. “कोणी तयार होईना. मग आई म्हणाली, मी येते.”

“आणि माले का नाही सांगितलं?”

शोभाबाईंनी एक काटा जरा जास्तच खोलवरून काढला. “तुम्ही रोज तपासलं असतं. इथे चुकली, तिथे चुकली. मी काय ताका आहे का?”

 खोरशेदबाईंनी दिलेला पुदिन्याचा चहा ते मुकाट्याने प्यायले. भटू मात्र कप हुंगून मगच प्यायला.

परीक्षा पुढच्या शनिवारी होती. आप्पांनी कोणतीही सूचना न करता सोबत यायचं, अशी अट शोभाबाईंनी घातली आणि आप्पांनी ती मान्य केली. विद्यापीठाच्या छोट्या सभागृहात, कपाळाला तीन आणि गालाला दोन पट्ट्या लावून ते मागच्या रांगेत बसले. गोव्याहून परीक्षक आले होते, फर्नांडिस सर. बारीक अंगाचे, जाड चष्म्याचे. ते समोरच्या कागदाकडे ज्या पद्धतीने पाहत होते, ते बघून आप्पांना माणूस एकदम आपल्यातला वाटला.

शोभाबाई नवीन जांभळी साडी नेसून बाकावर बसल्या, शेजारी धनश्री. वाजवणं सुरू झालं. आप्पांनी सवयीने चुका शोधायला कान लावले आणि शेवटपर्यंत त्यांना एकही सापडली नाही. त्यांची छाती भरून आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फर्नांडिस सरांनी वाजवल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुसला.

“ह्या बाई नवशिक्या नाहीत,” ते म्हणाले.

त्यांनी गुणांचा कागद जवळ ओढला.

“दहा महिन्यांत दोन हात असे वेगवेगळे चालत नाहीत. माझी तीस वर्षं यात गेली. आधी शिकलेला माणूस नवशिका म्हणून आणला असेल, तर नियमाप्रमाणे हा पेपर बाद होतो. वर्ष पुन्हा करावं लागेल.”

धनश्रीचा चेहरा उतरला. शोभाबाई उभ्या राहिल्या. “सर, मी घरी साड्यांचे धागे कापते. डाव्या हाताने साडी सरकवायची, उजव्याने कात्री चालवायची आणि डोळे टीव्हीवर. बावीस वर्षं झाली. दोन हात वेगळे चालवायचं मला कोणी शिकवलं नाही.”

“उत्तर चांगलं आहे,” फर्नांडिस सर म्हणाले. “जरा जास्तच चांगलं आहे.”

आप्पांना राहवलं नाही. ते उठून पुढे आले. “सर, ती खरं बोलते. मी तिचा नवरा.”

फर्नांडिस सरांनी त्यांच्या कपाळावरच्या पट्ट्या मोजल्या. “त्या आधी शिकल्या नाहीत, हे तुम्ही खात्रीने सांगता?”

“शंभर टक्के. तिचं काहीच माझ्यापासून लपून राहत नाही.”

“मग गेले दहा महिने त्या कसा रियाज करायच्या, ते सांगा.”

आप्पांनी धनश्रीकडे पाहिलं. “ते... मला गेल्या बुधवारीच कळलं.”

“म्हणजे दहा महिने तुमची बायको पियानो शिकत होती आणि तुम्हाला पत्ता नव्हता?”

“भजनाला जाते म्हणायची.”

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. फर्नांडिस सरांनी कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. आप्पांच्या कपाळावर घाम आला आणि पट्ट्या सुटू लागल्या. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचं खरं मानलं नव्हतं. आज त्यांचं खरं कोणी मानत नव्हतं, आणि मुलीचं वर्ष त्या लेखणीच्या टोकाला लटकत होतं.

“सर, थांबा,” ते म्हणाले. “मी कापड तपासतो. चांगला दिसणारा माल समोर आला, तर आम्ही वरवर बघून पास करत नाही आणि नुसत्या संशयावर नापासही करत नाही. ताण देऊन बघतो. तिच्यापुढे तिने कधीच न बघितलेला कागद ठेवा. मुरलेली असेल तर वाजवील. नसेल तर तुमच्यासमोरच कळेल.”

धनश्रीने डोळे मिटून घेतले. पण फर्नांडिस सरांना कल्पना पटली. त्यांनी बॅगेतून स्वरलिपीचा, पाच-पाच रेघांवर काळे ठिपके असलेला एक कागद काढला आणि पियानोवर ठेवला.

शोभाबाईंनी कागद पाहिला. जवळून पाहिला. लांब धरून पाहिला. मग आडवा करून पाहिला. आणि अगदी भोळेपणाने मुलीकडे वळून म्हणाल्या, “अगं, ह्या तारांवर एवढ्या मुंग्या कशा बसल्या?”

सभागृहात हशा उसळला. फर्नांडिस सर आधी गंभीर राहिले, मग त्यांचे खांदे हलू लागले आणि शेवटी चष्मा काढून तेही मोकळेपणी हसले. “बस, बस,” ते म्हणाले. “असं उत्तर कोणी शिकवून येत नाही. माझी चूक झाली, बाई. वाजवण्याचे गुण पूर्ण. मात्र वाचनाच्या दहा गुणांत भोपळा द्यावा लागेल. शिक्षिकेने ते शिकवलेलंच दिसत नाही.”

धनश्री काहीतरी बोलणार होती. आईने तिच्या पायावर पाय दिला.

घरी परतताना तिघं एकाच रिक्षात बसले. आप्पा फार खुशीत होते. “बघा,” ते दुसऱ्यांदा म्हणाले, “शेवटी माझी तपासणीच कामी आली. खोटं असतं, तर तिथल्या तिथे पकडलं गेलं असतं.”

“आई,” धनश्रीला आता धीर धरवेना, “तो कागद किती सोपा होता! पाच महिने तुला वाचायला शिकवलं मी. खोरशेदबाईंकडे याच्यापेक्षा अवघड वाचतेस. माझे दहा गुण गेले ना!”

आप्पांचा चेहरा हळूहळू शोभाबाईंकडे वळला.

“वाचला असता, तर अख्खं वर्ष गेलं असतं,” शोभाबाई म्हणाल्या. “आप्पांनीच तसं ठरवून दिलं ना, वाजवलं की मुरलेली म्हणून.”

“म्हणजे तुले वाचता येतं?” आप्पांचा आवाज बारीक झाला. “मग त्या मुंग्या?”

रिक्षा उधन्याच्या पुलावर चढली. शोभाबाईंनी पदर सारखा केला आणि त्या बाहेर बघत शांतपणे म्हणाल्या, “मुंग्याच त्या. पण आता वळखीच्या झाल्या.”